थंडाबर्ड

विकणे आहे.
थंडरबर्ड, सत्तावन सालची, उघड्या टपाची.
नाना पेठेत तसं कुणी म्हणत नाही,
म्हणतात थंडाबर्ड.
दोन दिवसांत तुम्हीही म्हणाल.

स्टिअरिंग डावीकडे.
टोलनाक्यावर पैसे द्यायला
शेजारी कुणीतरी लागतं.
एकट्या माणसाने घेऊ नये, आधीच सांगते.

आता काय काय बदललंय ते.
मूळचं आठ सिलिंडरचं इंजिन
पेट्रोल परवडेना म्हणून आधीच्या मालकाने
भवानी पेठेत किलोवर घातलं.
पोकळ गाडी नानांनी दोर बांधून आणली,
आणि जिने ओढत आणली त्या मॅटाडोरचंच इंजिन
पुढच्या दिवाळीत हिच्यात बसवलं.
तिचा पत्रा सडला होता, हिचं काळीज गेलं होतं.
नाना म्हणाले, दोघींचं मिळून एक घर होईल.
डिझेल उंच निघालं,
म्हणून बॉनेटला टेंगूळ आहे.
अपघात नव्हे.

रंग लाल. कुठून आणला ते विचारू नका,
एसटीकडे बघा.

टप इसाक तांबोळींनी शिवलाय,
ट्रकच्या ताडपत्रीचा.
गळत नाही. कांद्याचा वास येतो, तोही फक्त आषाढात.

गाडी दोघांची होती.
नानांनी डिकी कापून मागे बाक बसवला,
त्यावर एकशे बारा जोडपी वरातीला बसली.
शिवणीतून अजून झेंडू निघतो.
एकदा घड्याळ निघालं.
पत्ता काढून परत द्यायला गेलो,
तर त्यांची काडीमोड झाली होती,
आणि घड्याळ दोघांनाही नको होतं.
ते डॅशबोर्डवर चिकटवलंय. चालतं.
गाडीचं स्वतःचं चालत नाही.

हॉर्न मूळचा.

जाहिरात इतकीच होती.

बाणेरहून शिरगावकर आले, खिशात लोहचुंबक घेऊन.
पत्र्यावरून फिरवत राहिले,
जिथे चिकटलं नाही तिथे 'हं' म्हणाले.
मी मोजत होते. एकतीस.
शेवटी उकिडवे बसून चासीचा नंबर वाचला
आणि माणूस बदलला.
म्हणाले, हिला आम्ही मूळ रूपात आणू.
आठ सिलिंडर बाहेरून मागवू. ते टेंगूळ जाईल. बाक जाईल.
मी म्हटलं, चहा घ्या.

मी हिच्यावरच शिकले.
अजून दुसऱ्या कुठल्याही गाडीत
चालवायला म्हणून चुकीच्या दाराने बसते
आणि समोर चाक नसतं.
हे त्यांना सांगितलं नाही.
भाव सांगितला.

इंजिनासकट एवढे.
इंजिनाशिवाय वीस हजार जास्त.
ते हसले. जास्त कसे, ताई? कमी हवेत.
म्हटलं, काढायची मजुरी.
आमच्याकडे मेकॅनिक आहे, म्हणाले,
परदेशात शिकलेला.
आणा म्हटलं.

तो आला. पोरगा चांगला होता, हात धुऊन कामाला लागणारा.
दुपारभर पाना फिरवत राहिला,
जितका जोर लावी तितका बोल्ट आवळत जाई.
संध्याकाळी माझ्याकडे नुसतं बघितलं.
मग मी पदर खोचला.
स्टिअरिंग डावं म्हणून नानांनी
आटेही डावेच पाडले होते, स्वतःच्या लेथवर,
गंमत म्हणून.
सोळा बोल्ट. पाऊण तास.
वीस हजार मोजून घेतले.

सपाट ट्रकवर चढवली तेव्हा ती हलकी वाटली,
टप खाली, पुढचं नाक वर.
गल्लीतल्या पोरांनी वरात समजून पाठ धरली
आणि रास्ता पेठेच्या कोपऱ्यावरून परत आली.

इंजिन आता उरुळीला मामाच्या विहिरीवर आहे.
दीड एकर ऊस भिजवतं.

परवा शिरगावकरांचा फोन आला.
सगळं जमलंय म्हणाले, अगदी फोटोतल्यासारखं,
फक्त हॉर्न वाजत नाही.
तेवढंच तर मूळ होतं.
मी म्हटलं, हो,
पण त्याची तार मॅटाडोरची होती.